किडनीभोवती साचलेली लघवी आणि जळगावचा बाल-मूत्ररोग दवाखाना

मूत्राशयाच्या बिघाडामुळे लहान मुलाच्या किडनीभोवती लघवी साचली असेल, तर दवाखाना निवडताना एक गोष्ट सर्वांत आधी पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथले डॉक्टर फक्त साचलेल्या पाण्याच्या मागे लागतात की ते पाणी साचवणाऱ्या मूत्राशयाकडे लक्ष देतात, हे पाहावे. जळगावातील या बाल-मूत्ररोग दवाखान्याबद्दल मी इतके सविस्तर लिहीत आहे ते याच कारणासाठी. आमच्या मुलावर तो तान्हा असल्यापासून येथे उपचार चालू आहेत. आता तो शाळेत जातो. या काळात या दवाखान्याचे गुण आणि उणिवा दोन्ही आम्ही जवळून पाहिल्या आहेत.

आमचे गाव चोपडा तालुक्यातले. जन्मताना बाळाचे वजन चांगले होते, परंतु पहिला महिना संपण्याआधीच त्याचे पोट डाव्या बाजूने भरल्यासारखे दिसू लागले. लघवीला धार लागत नव्हती, थेंब थेंब गळत असे आणि लंगोट सतत ओलसर राही. ओला लंगोट पाहून लघवी व्यवस्थित होते आहे असे कोणालाही वाटावे, आणि नेमके तेच या आजारात फसवे असते. एका ठिकाणी पोटात गॅस धरला आहे असे सांगून थेंब देण्यात आले. पुढे ताप भरला, बाळ दूध ओढेनासे झाले, तेव्हा सोनोग्राफी झाली आणि डाव्या किडनीभोवती पाण्याचा मोठा साठा दिसला. आणखी एका ठिकाणी ते पाणी सुई घालून लगेच काढून टाकण्याचा सल्ला मिळाला. तो कागद घेऊनच आम्ही तापी ओलांडून जळगावला आलो.

येथे डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या फिल्ममध्ये प्रथम किडनी पाहिली नाही. त्यांनी बाळाच्या ओटीपोटावर हात ठेवला, मूत्राशय हाताला टणक लागते आहे हे मलाही हात ठेवायला लावून दाखवले आणि मग विचारले, "ताई, याची लघवीची धार कधी लांब उडालेली पाहिली का?" आम्ही दोघांनीही नाही म्हटल्यावर त्यांनी पुन्हा सोनोग्राफी करवून घेतली. तीत मूत्राशयाची भिंत जाड झालेली, दोन्ही बाजूंच्या मूत्रवाहिन्या, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळ्या, फुगलेल्या आणि मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाचा वरचा भाग रुंद झालेला दिसला. मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतःच पातळ पडद्यासारखी झडप राहिली की हे चित्र दिसते. वैद्यकीय भाषेत तिला 'पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह', आणि दवाखान्यातल्या बोलण्यात नुसते पीयूव्ही म्हणतात. हा आजार फक्त मुलग्यांमध्ये आढळतो. साधारणपणे पाच ते आठ हजार मुलग्यांमागे एकाला तो असतो, असे सांगितले जाते.

साठा किडनीजवळ आणि दोष मात्र खाली मूत्रमार्गात, हे आम्हाला पटत नव्हते. मुलाचे वडील शेती करतात हे कळल्यावर डॉक्टरांनी ठिबकच्या नळीचे उदाहरण दिले. नळीचे शेवटचे तोंड बंद असताना पंप चालूच ठेवला, तर पाणी तोंडाशी फुटत नाही, जिथे जोड कच्चा असेल तिथे फुटते. बाळाच्या शरीरातला कच्चा जोड म्हणजे किडनीच्या आत लघवी गोळा करणाऱ्या पेल्यासारख्या भागांच्या कडा. मूत्राशयातला दाब मूत्रवाहिनीतून मागे चढत गेला की त्या कडांशी बारीक चीर पडते, तिथून लघवी बाहेर झिरपते आणि किडनीभोवतीच्या आवरणात साचते. या साठ्याला युरिनोमा म्हणतात. काही बाळांमध्ये ती लघवी पुढे पोटाच्या पोकळीतही उतरते. तिथे ती पोटाच्या अस्तरातून पुन्हा रक्तात शोषली जाते, त्यामुळे रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, किडनीच्या खऱ्या अवस्थेपेक्षा जास्त दिसू शकते. शिवाय जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाच्या रक्तातले क्रिएटिनिन बरेचसे आईचेच असते. म्हणून एका आकड्यावरून घाबरू नये, आकडा कुठल्या दिशेने चालला आहे हे पाहावे, असे त्यांनी त्याच बैठकीत समजावले. ओपीडीबाहेर माणसांची रांग असताना एका घाबरलेल्या कुटुंबाला इतका वेळ देणे ही माझ्या दृष्टीने या दवाखान्याची पहिली मोठी जमेची बाजू आहे.

त्यांनी सुई घातली नाही. मूत्राशयात एक बारीक नळी घातली. ती फुगा असलेली नेहमीची कॅथेटर नव्हती, तान्ह्या बाळांना नाकातून दूध देण्यासाठी वापरतात तशी साधी बारीक नळी होती. जाड झालेल्या लहान मूत्राशयात फुगा टोचतो, त्यामुळे मूत्राशय आणखी आवळते आणि मूत्रवाहिन्यांची तोंडे दबण्याची भीती असते, असे त्यामागचे कारण सांगण्यात आले. नळीतून लघवी वाहू लागताच बाळाचे रडणे थांबले. पुढच्या काही दिवसांत रोजच्या सोनोग्राफीत किडनीभोवतीचा साठा हळूहळू उतरत गेला आणि सुईची वेळ आलीच नाही. डॉक्टरांनी हेही स्पष्ट केले होते की साठा फार मोठा असेल, त्यात संसर्ग होऊन पू झाला असेल, किंवा त्याच्या दाबाने श्वासाला अथवा किडनीला त्रास होत असेल, तर नळी घालून तो बाहेर काढावाच लागतो. मात्र मूत्राशयाचा दाब कमी न करता नुसते पाणी उपसले, तर ते पुन्हा भरते.

अडकलेली लघवी एकदा मोकळी झाली की किडनी काही काळ बेसुमार लघवी बाहेर टाकते आणि तिच्याबरोबर शरीरातले सोडियम व पाणीही जाते, हे मला येथेच कळले. त्या काळात सिस्टर दर काही तासांनी पिशवीतली लघवी मोजत आणि तेवढ्याच हिशेबाने सलाईनचा वेग बदलत. नळी काढल्यावर लंगोटाचे वजन सुरू झाले. कोरा लंगोट काट्यावर ठेवायचा, भिजल्यावर पुन्हा ठेवायचा आणि जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर लघवी झाली असे धरायचे. तो काटा रात्रपाळीतही हलत होता. रात्री उशिरा एका सिस्टरने आमच्या सासूबाईंना अहिराणीतून "माय, काळजी नको करू, पोऱ्या बरा व्हई जाई" असे सांगितले आणि त्या पहिल्यांदा अंथरुणाला टेकल्या.

ताप उतरल्यावर एमसीयू झाली. या तपासणीत नळीतून मूत्राशयात औषध भरतात आणि बाळ लघवी करत असताना एक्स-रे घेतात. त्यात झडपेच्या वरचा मूत्रमार्ग फुगलेला आणि खालचा अगदी बारीक, शिवाय डाव्या बाजूला लघवी थेट किडनीपर्यंत उलटी चढते आहे, असे स्पष्ट दिसले. त्यानंतर भूल देऊन दुर्बिणीतून झडप छाटण्यात आली. बाहेरून टाका नाही, जखम नाही. मूत्रमार्ग इतका लहान असेल की दुर्बीणच जात नाही, तर ओटीपोटावर छोटे तोंड करून लघवी काही काळ तिथून मोकळी करतात, याची कल्पना आम्हाला आधीच देण्यात आली होती. सुदैवाने तशी वेळ आली नाही.

दवाखान्याची खरी परीक्षा मात्र शस्त्रक्रियेनंतर सुरू होते आणि माझे चांगले मत मुख्यतः तिथेच तयार झाले. झडप गेली की आजार गेला, अशी समजूत करून घेऊन अनेक कुटुंबे परत येत नाहीत, असे डॉक्टर कळकळीने सांगत होते. आईच्या पोटात असल्यापासून दाबाविरुद्ध झगडलेले मूत्राशय झडप काढली तरी लगेच सुधारत नाही. ते कधी लहान व ताठर राहते, कधी अवेळी आकुंचन पावते, तर कधी वाढत्या वयात ढिले पडून पूर्ण रिकामे होत नाही. प्रत्येक प्रकारात दाब पुन्हा किडनीवरच येतो. पाठीच्या कण्यात जन्मजात दोष असलेल्या मुलांच्या मूत्राशयाचेही असेच होते. लघवी ठराविक वेळी काढली गेली नाही आणि दाब वाढत राहिला, तर त्यांनाही किडनीचा धोका असतो. पाठीवर तसा दोष असलेल्या एका मुलीची आई वॉर्डात आमच्या शेजारीच होती आणि पुढे नळीने लघवी काढण्याचे प्रशिक्षण आम्ही दोघींनी बरोबरच घेतले.

किडनीबद्दल डॉक्टरांनी आमची समजूत काढण्यासाठी गोड बोलणे टाळले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. लघवी फुटून बाहेर आल्यामुळे आतला दाब कमी होतो आणि किडनी वाचते, असे पूर्वी मानत. काही मुलांत तसे होतही असेल, पण त्यावर विसंबू नका, किडनी किती काम करते हे स्कॅननेच कळेल, असे ते म्हणाले. प्रत्येक किडनी किती काम करते हे दाखवणाऱ्या या डीएमएसए स्कॅनची सोय या दवाखान्यात नाही, त्यासाठी आम्हाला नाशिकला जावे लागले. डाव्या किडनीचा वाटा उजवीपेक्षा बराच कमी निघाला. पहिल्या वर्षात क्रिएटिनिन सर्वांत खाली किती जाते त्यावर पुढचा अंदाज बांधतात, आणि ते दर डेसिलिटरला ०.८ मिलिग्रॅमच्या खाली गेले तर चित्र आशादायक मानतात. आमच्या मुलाचे गेले, तरीही रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि उंची-वजन यांची तपासणी आजतागायत चुकू दिली जात नाही. अशा मुलांची किडनी पुढे किशोरवयातही थकू शकते, हे सांगताना त्यांनी शब्द मऊ केले, पण मजकूर बदलला नाही.

आता युरोफ्लोच्या खोलीविषयी. लघवीच्या धारेचा वेग मोजणारे हे यंत्र दिसायला साधे असते. एक नरसाळे, त्याखाली भांडे आणि शेजारी आलेख काढणारे छोटे यंत्र. आपली धार निरोगी असली की आलेख टेकडीसारखा चढतो आणि उतरतो. अडथळा असला की तो पसरट व लांबट येतो. अनोळखी खोलीत, चार माणसांसमोर, सांगितल्या वेळी लघवी करणे मोठ्यांनाही जमत नाही, मग पाच वर्षांच्या मुलाला कसे जमावे? येथे मुलाला घाई करत नाहीत. नळ बारीक सोडून ठेवतात, पायाखाली पाट देतात, खोलीत फक्त आई किंवा वडील थांबतात आणि मुलाला खरोखरच लघवी लागेपर्यंत त्याला बाहेर खेळू देतात. पहिल्या खेपेला आमच्या मुलाला जमले नाही, तेव्हा कोणीही त्रासिक चेहरा केला नाही. लगेच सोनोग्राफी करून मूत्राशयात किती लघवी शिल्लक राहिली तेही पाहतात. वयात एक मिळवून तीसने गुणले की त्या वयाच्या मूत्राशयात साधारण किती मिलिलिटर मावावे याचा अंदाज येतो, हे सूत्र सिस्टरने माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिले. म्हणजे पाच वर्षांच्या मुलासाठी १८० मिलिलिटर. त्या वहीत मी लघवीची वेळ आणि माप लिहीत गेले आणि डॉक्टर दर भेटीत ती वही रिपोर्टांच्या आधी उघडतात.

शिल्लक लघवी वाढू लागली तेव्हा नळीने लघवी काढण्याची वेळ आली. निर्जंतुक हातमोज्यांचा बडेजाव न करता स्वच्छ हातांनी, ठराविक वेळी नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची ही पद्धत अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये मांडली आणि जगभर तिने असंख्य मुलांच्या किडन्या वाचवल्या. पाठीच्या दोषाच्या मुलांना पुष्कळदा तिथे संवेदना नसते, पण आमच्या मुलाला सर्व संवेदना होती आणि तो भीतीने आखडून जाई. सिस्टरने आधी बाहुलीवर दाखवले, मग बधिर करणारी जेली लावून थांबायला शिकवले. नळी अडली तर जोर न करता मुलाला खोकायला किंवा दीर्घ श्वास घ्यायला सांगायचे, हेही सांगितले. त्याच्या किडनीला लघवी दाट करता येत नाही, त्यामुळे रात्रीही मूत्राशय भरत राहते. म्हणून रात्री नळी आत ठेवून पिशवी जोडतात. हे शिकवताना माझे हात थरथरत होते ते थांबेपर्यंत त्या बसून राहिल्या. असे शिकवण्याला कुठल्याही बिलात रकाना नसतो.

खान्देशात राहणाऱ्या पालकांसाठी दोन गोष्टी मुद्दाम नोंदवते, कारण मोठ्या शहरातल्या माहितीपत्रकात त्या सापडणार नाहीत.

पहिली गोष्ट उन्हाची. मूत्राशय शांत ठेवण्यासाठी दिले जाणारे ऑक्सिब्युटिनिन हे औषध घाम कमी करते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि घाम न येणारे मूल अशा उन्हात खेळले तर त्याचे अंग तापते, चेहरा लाल होतो. त्यातच अशा मुलांची किडनी पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे लघवी कमी व्हावी म्हणून त्यांचे पाणी तोडणे धोक्याचे ठरते. येथील डॉक्टर उन्हाळा सुरू होण्याआधीच्या भेटीत हे आठवणीने सांगतात, दुपारी बाहेर पाठवू नका म्हणतात आणि मूल मलूल दिसले किंवा उलट्या सुरू झाल्या तर वाट न पाहता आणायला सांगतात. याच औषधाने तोंड कोरडे पडते आणि शौचाला खडा होतो. खडा साचलेले आतडे मूत्राशयावर दाबते, म्हणून पोट साफ राहणे हाही लघवीच्या उपचाराचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट केळ्यांची. आमच्या भागात घरोघरी केळी असतात, पाहुणा आला तरी केळे आणि मूल रडले तरी केळे. किडनी कमजोर म्हणजे केळी बंद, असे गावात कोणीतरी सांगितले आणि घरात त्यावरून वाद झाला. शंभर ग्रॅम केळ्यात साधारण ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते हे खरे, पण ते वर्ज्य करायचे की नाही हे रक्तातल्या पोटॅशियमवर ठरते, ऐकीव माहितीवर नाही. डॉक्टरांनी तपासणी करून घेतली, आकडा वरच्या मर्यादेजवळ होता म्हणून अर्धे केळे एवढी मोकळीक दिली आणि पुढच्या तपासणीनंतर पुन्हा ठरवू म्हणाले. सासूबाईंना हे त्यांनी स्वतः समजावले.

शाळेसाठी त्यांनी मुख्याध्यापकांच्या नावे मराठीत पत्र दिले. मुलाला दर दोन ते तीन तासांनी लघवीला सोडावे, एकदा करून आल्यावर थोड्या वेळाने पुन्हा जाऊ द्यावे आणि यासाठी त्याला वर्गासमोर विचारू नये, इतकाच मजकूर होता. त्या पत्राचा आम्हाला औषधाइतकाच उपयोग झाला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सकाळच्या ओपीडीत गर्दी फार असते आणि बाहेरगावाहून एसटीने आलेल्या माणसाला परतीची गाडी मिळेल की नाही याची धास्ती लागून राहते. लांबून येणाऱ्यांना वेळ नेमून देता आली तर बरे होईल. मुलाला नळी घालण्यासाठी प्रतीक्षागृहाजवळ आडोशाची जागा नाही. ज्या दवाखान्यात नळी लावणारी इतकी मुले येतात तिथे अशी जागा नसणे मला योग्य वाटत नाही. संध्याकाळनंतर दवाखान्याचा फोन अनेकदा उचलला जात नाही. अशा मुलाला रात्री ताप आला की तो लघवीच्या संसर्गाचा असू शकतो आणि सकाळपर्यंत थांबणे परवडत नाही, म्हणून हा दोष मी गंभीर मानते. डिस्चार्ज कार्ड पूर्ण इंग्रजीत असते. शाळेचे पत्र मराठीत देणाऱ्या डॉक्टरांनी कार्डावरची धोक्याची लक्षणेही मराठीत छापावीत, अशी माझी विनंती आहे. ताप, लघवीची धार अचानक कमी होणे, पोट किंवा कूस फुगणे, उलट्या आणि बाळाचे दूध तोडणे, एवढी पाच लक्षणे छापली तरी पुरे.

खर्चाबाबत काही लपवाछपवी आढळली नाही. कोणती तपासणी का हवी आणि कोणती सध्या टाळता येईल हे आधी सांगतात, आणि घरी वापरायच्या साध्या नळ्या महागड्या नळ्यांइतकेच काम देतात हेही त्यांनीच सांगितले. शासकीय योजनेत बसणाऱ्या उपचारांसाठी काउंटरवरची मुलगी रेशनकार्ड आणि आधारकार्ड पाहून अर्ज भरून देते. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत बाळाचे मूत्राशय मोठे किंवा दोन्ही किडन्या फुगलेल्या दिसल्या असतील, तर प्रसूतीपूर्वीच येथे दाखवून ठेवावे. पहिल्यांदा येताना गरोदरपणापासूनचे सर्व सोनोग्राफी रिपोर्ट, रक्ताचे जुने आकडे आणि शक्य असेल तर बाळाच्या लघवीच्या धारेचा मोबाइलवर घेतलेला छोटा व्हिडिओ सोबत आणावा. डॉक्टर तो नक्की मागतात.